स्कोअर दिसायच्या आधी स्वतःचा आकडा लिहा

फेब्रुवारी २०२२, बीजिंग ऑलिम्पिक, स्नोबोर्ड हाफपाइपची फायनल (हाफपाइप म्हणजे बर्फातली अर्ध्या नळीसारखी घळ, तिच्या दोन्ही भिंतींवरून उड्या मारत खाली यायचं, आणि अशी एक फेरी म्हणजे रन). जपानचा आयुमु हिरानो दुसरी रन संपवून खाली आला तेव्हा मी खुर्चीत बसलेलीच नव्हते, कारण पठ्ठ्याने पहिल्याच उडीत ट्रिपल कॉर्क १४४० टाकला होता, म्हणजे हवेत अंग तिरकं करून तीनदा उलटं आणि वर एकूण चार पूर्ण गिरक्या, ऑलिम्पिकच्या पाइपमध्ये त्या दिवसाआधी कुणी केलं नव्हतं असं काहीतरी, आणि एवढं करून पुढच्या चारही उड्या स्वच्छ. मग आकडा आला, ९१.७५. ऑस्ट्रेलियाचा स्कॉटी जेम्स ९२.५० वर पुढेच राहिला. मी भयंकर चिडले, ज्याला त्याला मेसेज केले की हा अन्याय आहे, आणि त्यातल्या एकाने शांतपणे विचारलं की बरं, मग किती द्यायला पाहिजे होते आणि का? मला धड उत्तर देता आलं नाही. चिडणं खरं होतं पण त्याच्या मागे काय आहे ते मला शब्दात मांडता येत नव्हतं.

हिरानोने तिसऱ्या रनमध्ये तेच पाच ट्रिक त्याच क्रमाने परत टाकले आणि ९६.०० घेऊन गोल्ड नेलं, ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्यापुरतं त्या दिवसापासून एक बदललं. रायडर थांबला की स्क्रीनवर स्कोअर यायच्या आत मी वहीत स्वतःचा आकडा लिहिते आणि शेजारी एका ओळीत कारण. एवढंच. ॲक्शन स्पोर्ट्स बघायला नुकतीच सुरुवात केलेल्या, किंवा बरीच वर्षं बघूनही "कुणालाही कितीही देतात राव" असं म्हणणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते, आकडा आधी लिहा. आणि तो लिहिता यावा म्हणून नेमकं काय बघायचं ते खाली सांगते.

सुरुवात एकाच खेळापासून करा

एक्स गेम्स, म्हणजे या खेळांची मोठी स्पर्धा, १९९५ मध्ये ऱ्होड आयलंडला सुरू झाले, हिवाळी एक्स गेम्स १९९७ पासून, आणि तेव्हापासून या एका छत्रीखाली इतकं काही आलंय की स्केटबोर्ड, बीएमएक्स (छोट्या सायकलवरचे ट्रिक), मोटोक्रॉस, स्की, स्नोबोर्ड सगळं एकदम बघायला गेलात तर डोकं गरगरेल आणि हातात काही राहणार नाही. माझं मत विचाराल तर स्केटबोर्ड पार्क (वाडग्यासारख्या खोलगट बोलमधलं स्केटिंग) किंवा स्नोबोर्ड हाफपाइप यातलं एक घ्या. दोन्हीकडे एका वेळी एकच जण असतो, रन छोटी असते (ऑलिम्पिक पार्कमध्ये ४५ सेकंद), पुन्हा पुन्हा बघता येते आणि कॅमेरा रायडरवरून फारसा हलत नाही. सर्फिंगला लगेच हात घालू नका, तिथे लाट कुणाला कशी मिळाली, प्रायॉरिटी, म्हणजे आधी लाट घ्यायचा हक्क, कुणाकडे होती, हे समजायलाच वेळ जातो. आणि रॅम्पेजसारखी डोंगरावरून सायकल खाली आणायची स्पर्धा, जिथे रायडर आणि त्यांची माणसं फावडं घेऊन स्वतःची वाट स्वतः खणतात, ती तर बाकी सगळं जरा कळायला लागल्यावर बघा, तेव्हा तिची खरी किंमत कळते.

हायलाइट क्लिपवरून मत बनवू नका, हे मी जरा जोर देऊन सांगते. क्लिपमध्ये फक्त जमलेला ट्रिक असतो. त्याच्या आधी तो माणूस किती वेळा पडला, तोच ट्रिक टाकताना बाकीच्यांचं काय झालं, रनमध्ये तो कुठे बसवला होता, यातलं काहीच दिसत नाही. अख्खी फायनल बघा, कंटाळा आला तरी. आणि सरावाचं फुटेज मिळालं तर ते सोडू नका, तिथे कळतं कोण कुठल्या कोपऱ्याला घाबरतंय.

मी एक रन तीनदा बघते. पहिल्यांदा आवाज बंद करून, कारण कॉमेंट्रीवाले ओरडले की आपणही ओरडतो आणि डोळे काम करायचे थांबतात. दुसऱ्यांदा आवाज लावून. तिसऱ्यांदा हळू करून, जिथे शंका आली तेवढाच भाग. लाइव्ह बघताना हे जमत नाही अर्थातच, तेव्हा पहिल्या नजरेत आलेला आकडा लिहायचा आणि नंतर रिप्ले बघून शेजारी दुसरा लिहायचा, पहिला खोडायचा नाही. दोन्हीतला फरक बघून आपली नजर कुठे चुकते ते कळत जातं.

गिरक्या मोजा, पण तिथेच थांबू नका

आकड्यांचा हिशोब सोपा आहे. १८० म्हणजे अर्धी गिरकी, ३६० एक पूर्ण, ५४० दीड, ७२० दोन, ९०० अडीच, १२६० साडेतीन, १४४० चार. मोजायची युक्ती अशी की रायडरचं डोकं बघू नका, डोकं सगळ्यात आधी वळतं आणि फसवतं, खांदे बघा. खांदे किती वेळा तुमच्याकडे आले ते मोजलं की बरोबर आकडा येतो.

आता खरी गोम. सगळ्या ५४० सारख्या नसतात. गिरकी कुठल्या बाजूने घेतली ते बघायला लागतं. मोठ्या जंपवर फ्रंटसाइड म्हणजे वळताना छाती आधी पुढे येते, निदान समोर काय आहे ते दिसतं. बॅकसाइड म्हणजे पाठ आधी पुढे जाते आणि मधला काही वेळ माणूस आंधळा असतो. आणि स्विच म्हणजे आपला नेहमीचा पाय पुढे ठेवायच्या ऐवजी उलटा पाय पुढे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने लिहायचं, तेही हवेत. स्कॉटी जेम्सचं नाव यासाठीच घेतात, त्याचं स्विच बॅकसाइड फिरणं. गिरक्या मोजणाऱ्याला त्यात काही विशेष दिसत नाही आणि ज्यांनी पाइपमध्ये बोर्ड चालवलाय ते मात्र मान हलवतात. म्हणून बीजिंगच्या त्या ९२.५० ला मी आता चोरी म्हणत नाही. हिरानोचे ९१.७५ कमी होते हे माझं मत आजही कायम आहे, माझ्या वहीत त्या दुसऱ्या रनला ९५ आहेत, पण स्कॉटीची रन वाईट होती असं तेव्हा मी जे बोलले ते चुकीचं होतं.

बोर्डला लागलेला हात बघा. ग्रॅब हा शोभेचा भाग वाटतो नव्या माणसाला, तसं नाहीये. ग्रॅब धरला म्हणजे अंग आवळलेलं आहे, ताब्यात आहे, हात हवेत फडफडत नाहीयेत. मागचा हात बोटांच्या बाजूने दोन पायांच्या मधे धरला तर इंडी, पुढचा हात तिथेच धरला तर म्यूट, पुढचा हात टाचेकडून धरला तर मेलन. नावं पाठ नाही झाली तरी चालेल. हात बोर्डला खरंच लागला का, किती वेळ राहिला, की नुसता चापट मारून सुटला, एवढं बघा.

आणि इथे परत बीजिंगच. त्याच ऑलिम्पिकमध्ये स्लोपस्टाइलला (रेल आणि जंप मांडलेल्या उतारावरची रन) कॅनडाच्या मॅक्स पॅरोटला ९०.९६ मिळाले आणि गोल्ड मिळालं, चीनचा सू यिमिंग ८८.७० ला सिल्व्हर. नंतर लोकांनी रिप्ले थांबवून बघितला तर एका उडीत पॅरोटचा हात बोर्डवर नव्हताच, गुडघ्यावर होता. मी तो फ्रेम कितीतरी वेळा बघितलाय. समोरच्या अँगलने हात बोर्डच्या कडेला टेकल्यासारखाच वाटतो, ग्लोव्ह, पँट, बोर्ड सगळं एका रेषेत येतं, आणि दुसऱ्या बाजूने बघितलं की बोटं गुडघ्याभोवती वळलेली स्पष्ट दिसतात. जजेसना त्या वेळी तो दुसरा अँगल मिळालाच नव्हता आणि ही चूक त्यांच्या प्रमुखाने नंतर उघडपणे मान्य केली. म्हणून मी म्हणते, एकाच अँगलवरून शंभर टक्के खात्रीने बोलू नका, रिप्लेची वाट बघा.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त आवडतं. लोक जजेसवर तुटून पडले तेव्हा खुद्द सू यिमिंगने सांगितलं की पुरे करा. ज्याचं गोल्ड गेलं असं लोक म्हणत होते तोच म्हणाला. आणि काही दिवसांनी बिग एअरला, म्हणजे एकाच मोठ्या जंपवरच्या उडीच्या स्पर्धेत, त्याने गोल्ड घेतलं.

लँडिंग कानांनी ऐका

स्केटबोर्डला तरी मी हे नक्की सांगेन. चारही चाकं एकदम टेकली की एकच ठोस आवाज येतो, टप्प. आधी मागची मग पुढची टेकली की दोन आवाज येतात, ट-टप्प, आणि मग बघा, रायडरचं वजन मागे गेलेलं असतं आणि तो हात फिरवून स्वतःला सावरत असतो. रेलवर, म्हणजे कठड्यासारख्या दांड्यावर, ग्राइंड करताना ट्रकचं (चाकं जोडलेल्या आसाचं) लोखंड घासतं तर करकर आवाज येतो, स्लाइड म्हणजे लाकूड घसरतं तर नुसतं सूं. डोळे मिटून सुद्धा ओळखता येतं. मी एकदा एका मैत्रिणीला स्क्रीनकडे पाठ करून बसवलं आणि अर्ध्या तासात ती साफ आणि डगमगीत लँडिंग नुसतं ऐकून सांगायला लागली, तिने त्याआधी एकही स्पर्धा बघितली नव्हती.

स्नोबोर्डला हे जमत नाही, बर्फ आवाज खातो. तिथे लँडिंगनंतरचं पहिलं सेकंद बघायचं. पाइपमध्ये भिंतीवर वरती उतरला तर वेग टिकतो आणि पुढची उडी उंच जाते, खाली सपाटीजवळ उतरला तर वेग मेला आणि पुढची उडी बुटकी. म्हणजे तिसऱ्या उडीची उंची दुसऱ्या उडीच्या लँडिंगमध्येच ठरलेली असते. हे एकदा दिसायला लागलं की अख्खी रन एक सलग गोष्ट म्हणून दिसते, सुट्या पाच उड्या म्हणून नाही. हाफपाइपमध्ये मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

जज आकडा कसा देतात

इथे खूप जणांची गफलत होते. जिम्नॅस्टिक्समध्ये प्रत्येक ट्रिकची अवघडपणाची किंमत आधीच ठरलेली असते आणि चुकांचे मार्क कापतात. स्केट-स्नोबोर्डमध्ये मुख्यतः रनची एकूण छाप बघतात: उंची, अवघडपणा, वेगवेगळेपणा, सफाई, काही नवीन आणलं का. मुख्य म्हणजे स्कोअर एकमेकांच्या तुलनेत असतात. पहिल्याच रायडरला ९८ देऊन टाकले तर नंतर कुणी त्याहून भारी केलं तर जज देणार काय? म्हणून सुरुवातीच्या रायडरला हात राखून देतात. स्नोबोर्ड हाफपाइपला सहा जज, त्यातला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा काढून टाकतात आणि उरलेल्या चौघांची सरासरी. म्हणजे एखाद्या जजने वेड्यासारखा आकडा दिला तरी तो सहसा गळून जातो, आणि "एका जजने वाट लावली" असं म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही.

म्हणून तुमचा आकडा लिहितानाही आधी क्रम ठरवा, मग आकडा. "ही रन मघाच्या रनपेक्षा बरी की नाही?" एवढाच प्रश्न. उत्तर आलं की आकडा आपोआप येतो. मी सुरुवातीला उलटं करायचे, आकडा आधी द्यायचे आणि तिसऱ्या रायडरपर्यंत माझ्याकडे ९७ च्या वर जागाच उरायची नाही.

फॉरमॅट स्पर्धा सुरू व्हायच्या आधी वाचून घ्या, नाहीतर शेवटी काहीच कळत नाही. पार्कला ऑलिम्पिकमध्ये तीन रन, सगळ्यात चांगली धरतात. बीएमएक्स फ्रीस्टाइलला एकेक मिनिटाच्या दोन रन, चांगली एक धरतात. स्नोबोर्ड बिग एअरला तीन उड्या, दोन धरतात आणि त्या दोन वेगवेगळ्या दिशांच्या पाहिजेत. स्केट स्ट्रीट (जिने, रेल अशा रस्त्यासारख्या मांडणीवरचं स्केटिंग) २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला असं होतं की दोन रनमधली एक आणि पाच सुट्या ट्रिकमधले दोन. सर्फिंगला प्रत्येक लाट दहापैकी आणि चांगल्या दोन लाटांची बेरीज.

फॉरमॅट माहीत असला की पडण्याचा अर्थ बदलतो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकला ब्रिटनची शार्लट वर्थिंग्टन बीएमएक्सच्या पहिल्या रनमध्ये ३६० बॅकफ्लिप (मागे उलटी मारताना सोबत एक पूर्ण गिरकी) टाकायला गेली आणि पडली. आता हातात एकच रन. कुणीही म्हणेल की आता साधं काहीतरी करून पदक वाचव. तिने दुसऱ्या रनला परत तोच ट्रिक टाकला, स्पर्धेत कुठल्याही बाईने तोपर्यंत न केलेला, आणि लँड केला. ९७.५०, गोल्ड. अमेरिकेची हॅना रॉबर्ट्स ९६.१० वर होती, म्हणजे साध्या रनने गोल्ड आलंच नसतं. तो निर्णय धाडसाचा होता तितकाच हिशोबाचाही, आणि हे फॉरमॅट माहीत असेल तरच दिसतं.

पॅरिसला पुरुषांच्या स्ट्रीट फायनलमध्ये जपानच्या युतो होरिगोमेचं तेच. सुट्या ट्रिकमध्ये एकामागून एक चुकत होता, शेवटच्या प्रयत्नाआधी पदकाच्या बाहेर. आणि शेवटच्या प्रयत्नात नोली मारून, म्हणजे बोर्डच्या पुढच्या टोकावरून उडून, पाऊण गिरकी घेऊन रेलवर ब्लंटस्लाइड या अवघड स्लाइडमध्ये बसला. ९७.०८. एकूण २८१.१४, आणि अमेरिकेचा जॅगर ईटन २८१.०४. दहा शतांश! माझ्या वहीत ईटन पुढे होता खरं तर, कारण मला त्याचं सगळं जास्त सलग वाटलं, पण त्या एका ट्रिकसाठी ९७ हा आकडा मी पण लिहिला होता आणि मला तो बघून समाधान वाटलं की एवढ्या दिवसांत नजर थोडी तरी तयार झालीये.

आवडता खेळाडू कसा निवडायचा

पदकं मोजून निवडू नका. मी माणूस निवडताना बघते की दबावाखाली तो काय करतो. न्यायजा ह्युस्टन स्ट्रीटमधला इतक्या वर्षांचा राजा, पण टोकियोला सातवा आला. त्याच्यावर लोक हसले, माझ्या ओळखीतलेही. तीन वर्षांनी तो परत आला आणि पॅरिसला ब्रॉन्झ घेतलं. मला आधी त्याची रन यांत्रिक वाटायची, अगदी मोजूनमापून, आता मला त्यातच त्याची मेहनत दिसते. आणि हिरानो, तो तर टोकियोला स्केटबोर्ड पार्कमध्ये उतरला होता आणि साधारण सहा महिन्यांत बर्फावर गोल्ड जिंकला. २०१४ ला सिल्व्हर, २०१८ ला सिल्व्हर. २०१८ ला तर ९५.२५ करून पुढे होता आणि अमेरिकेच्या शॉन व्हाइटने शेवटच्या रनला लागोपाठ दोन १४४० टाकून ९७.७५ ने त्याच्या हातून गोल्ड काढून घेतलं. एवढं पाठीशी घेऊन तो बीजिंगला दुसरी रन करून उभा होता आणि आकडा ९१.७५ आला. चेहऱ्यावर काही नाही. वर गेला आणि तेच परत केलं. असा माणूस आवडायला अजून काय कारण लागतं?

मुलींच्या स्पर्धा "नंतर बघू" म्हणून सोडू नका, सध्या सगळ्यात वेगाने पुढे जाणारा खेळ तिथे आहे. स्केटबोर्डर टोनी हॉकने १९९९ च्या एक्स गेम्समध्ये ९०० लँड केला, पडत-उठत, पुन्हा पुन्हा, वेळ संपून गेल्यावर, आणि बाकीचे स्केटर रॅम्पच्या काठावर उभे राहून त्याला ओरडून ओरडून वर पाठवत होते. नियमाने बघितलं तर तो प्रयत्न धरायला नको होता. धरला, आणि माझ्या मते बरोबरच केलं, त्या दिवशी घड्याळापेक्षा तो ट्रिक मोठा होता. त्यानंतर २५ वर्षांनी, मे २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या अरिसा ट्रूने ९०० लँड केला, असं करणारी पहिली मुलगी, वय १४. त्याच वर्षी पॅरिसला पार्कचं गोल्ड.

पण वय इतकं कमी आहे म्हणून बोलताना जपून बोला, हे मला मनापासून सांगायचंय. टोकियोला महिला स्ट्रीटच्या पोडियमवर मोमिजी निशिया १३, रायसा लीआल १३ आणि फुना नाकायामा १६ वर्षांची होती. ही शाळेतली मुलं आहेत. मोठ्या माणसाबद्दल "आज फुसका निघाला" लिहितो तसं यांच्याबद्दल लिहायचं नाही. रन कशी होती ते बोला, मुलगी कशी आहे ते नको.

टोकियोचीच पार्क फायनल आठवा. मिसुगु ओकामोतो, १५ वर्षांची, तेव्हाची जगात एक नंबर. शेवटच्या रनमध्ये पदक मिळवायला तिने सगळं पणाला लावलं आणि शेवटच्या ट्रिकवर पडली. चौथी. रडत रडत बाजूला आली आणि ज्यांच्याशी ती लढत होती त्याच मुली धावत आल्या आणि तिला खांद्यावर उचलून घेतलं. मी हे कित्येकदा बघितलंय. उचलल्यावर पहिले एक-दोन सेकंद तिला कळतच नाही काय चाललंय, तोंडावर हात आहे, आणि मग हळूच हसते. नवीन माणसाने कुठला तरी एकच व्हिडिओ बघायचा असेल तर मी गोल्डची रन दाखवत नाही, हा दाखवते.

पडण्याबद्दल

पडण्याचे व्हिडिओ गंमत म्हणून पाठवू नका. डेव्ह मिरा, बीएमएक्सचा केवढा मोठा माणूस, २०१६ मध्ये गेला आणि नंतर तपासणीत कळलं की वारंवार डोक्याला मार लागून होणारा सीटीई हा मेंदूचा आजार त्याला होता. सारा बर्क ही कॅनडाची स्कीअर, मुलींचं स्की हाफपाइप ऑलिम्पिकमध्ये यावं म्हणून तिने जिवाचं रान केलं, जानेवारी २०१२ मध्ये सरावात पडली आणि गेली. दोन वर्षांनी सोचीला तो खेळ झाला, तिच्याशिवाय. ब्रिटनची स्केटबोर्डर स्काय ब्राउन २०२० मध्ये पडली तेव्हा कवटीला फ्रॅक्चर, मनगट मोडलं, आणि पुढच्या वर्षी टोकियोहून ब्रॉन्झ घेऊन आली. तिच्या धैर्याला सलाम आहेच. पण एखादा परत नाही आला, किंवा वारा जास्त आहे म्हणून मोठा ट्रिक सोडून छोटा टाकला, तर त्याला घाबरट म्हणायचा आपल्याला काहीही हक्क नाही. मी वहीत अशा वेळी आकडा कमी लिहिते, रन छोटी होती म्हणून, पण बाजूला "बरोबर केलं" असंही लिहिते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

वाद घालायचाच असेल तर

ऑलिम्पिकने हा खेळ बिघडवला का, हा वाद कायम चालतो आणि तुम्हीही त्यात पडालच. नॉर्वेचा तेर्ये हॉकन्सन, त्या काळचा सगळ्यात भारी स्नोबोर्डर, १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकला गेलाच नाही, स्नोबोर्डिंगचा ताबा स्कीवाल्या फेडरेशनकडे जाणं त्याला पटलं नव्हतं. मला त्याचं म्हणणं समजतं. पण माझं मत असं की ऑलिम्पिकमुळे ज्या मुलींना रॅम्प, कोच, पैसा मिळाला तो एक्स गेम्सच्या जोरावर एवढ्या देशांत मिळाला नसता. बदल्यात थोडी मोकळीक गेली, हेही खरं. एक्स गेम्स बघताना मला जास्त मजा येते आणि ऑलिम्पिक बघताना हात जास्त थंड पडतात, दोन्ही पाहिजेत.

वाद घालताना एकच करा, समोरच्याला विचारा "कुठल्या उडीत?" त्याला उडी सांगता आली तर तो बघून बोलतोय, मग तास गेला तरी चालेल. नुसता देशाचं किंवा आवडत्याचं नाव घेऊन बोलत असेल तर सोडून द्या.

आता पहिला सराव. पॅरिस २०२४ ची महिला पार्क फायनल लावा. ट्रू ९३.१८, जपानची कोकोना हिराकी ९२.६३, स्काय ब्राउन ९२.३१, हे आकडे मी आत्ताच सांगून टाकले तर तुम्ही म्हणाल मग राहिलं काय, पण राहिलंय. तिघींची सगळ्यात चांगली रन घ्या, स्क्रीनचा स्कोअर येतो तो कोपरा कागदाने झाका, आधी आवाज बंद, मग आवाज लावून, आणि क्रम लावा. ट्रू व्हर्ट रॅम्पवर, म्हणजे वर सरळ उभ्या होणाऱ्या मोठ्या रॅम्पवर, वाढलेली आहे, हवेत ती घरी असल्यासारखी असते, तिचे खांदे मोजा. हिराकीला बघताना नजर वर ठेवू नका, बोलच्या काठावर ठेवा, ट्रक काठाला लागल्यावर किती लांब जाते ते बघा आणि आवाज ऐका. स्कायच्या दोन ट्रिकच्या मधला वेग बघा. माझ्या वहीत हिराकी पहिली आहे, ९३.५, आणि शेजारी लिहिलंय "काठावरचं काम, कुणालाच एवढं लांब जमलं नाही". तुमच्या वहीत दुसरं नाव आलं तर कुठल्या उडीमुळे आलं ते मला सांगा.